कऱ्हाडचा ऱ

रविवारी सकाळी साडेसातला पहिल्या मजल्यावरून काकांचा फोन आला. वाडा होता तेव्हा आमच्यात जिन्यातून हाक मारायची पद्धत होती. वाडा पाडून इमारत झाली आणि हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेनाशी झाली. मधे दुसऱ्या मजल्यावरचे लोकच 'ओ' देतात.

"अरे, तुझा तो डबा म्हणतोय की कऱ्हाडचं कीर्तन नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. अशी फाईल अस्तित्वातच नाही म्हणतो. पडद्यावर नाव मला दिसतंय, त्याच्यावर मी बोट ठेवतोय, आणि तो म्हणतो नाही!"

सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. काचेच्या कपाटात समोर दिसणाऱ्या वस्तूकडे बोट करून भाव विचारावा आणि दुकानदारानं वर्तमानपत्रातून मान न काढता 'संपली' म्हणावं, हे काका गेली ऐंशी वर्षं पाहत आले आहेत. पण दुकानदाराशी वाद घालता येतो. किंबहुना नाही घातला तर त्यालाच चुकल्यासारखं वाटतं. डबा मात्र एकदा 'नाही' म्हणाला की पुढे बोलत नाही.

डबा म्हणजे आमचा मीडिया सर्व्हर. त्यातल्या प्रोग्रॅमचं नाव मी सांगणार नाही. तो फुकट मिळालेला आहे, आणि दानाच्या गाईचे दात मोजू नयेत एवढं मलाही कळतं. यंत्र म्हणाल तर पत्त्याच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय. या जातीचा पहिला संगणक २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. काटकसरी घरात खपून जाण्यासारखाच मुहूर्त. त्याला एक हार्ड डिस्क जोडलेली, आणि दोघांचा मुक्काम माझ्या शोकेसमध्ये, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या आणि कधीच न चाललेल्या घड्याळाशेजारी.

डिस्कवर आहे काकांचं आयुष्य. काका सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक होते. चौतीस वर्षं तालुक्याच्या गावांतून हिंडले. दिवसभर लोकांची किर्द-खतावणी तपासायची आणि संध्याकाळी करायचं काय? इतर ऑडिटर काय करत ते काका सांगत नाहीत. काकांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला आणि ज्या गावी मुक्काम त्या गावचं कीर्तन, भजन, भारूड, लग्नातला बँड, जे कानावर पडेल ते भरून ठेवलं. दोन ट्रंका, १४६ कॅसेटी.

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्यानं हे सगळं डिजिटल करायचं मनावर घेतलं. तो हिंजवडीला असतो. हिंजवडी पुण्यातच आहे असं म्हणतात, पण संध्याकाळी सहाला तिथून सदाशिव पेठेकडे निघालं तर तेवढ्या वेळात माणूस साताऱ्याला पोचून कंदी पेढे घेईल. कॅसेट डिजिटल करण्यात एक गोम आहे, जी आजच्या मुलांना आधी पटत नाही: तासाची कॅसेट भरायला तासच लागतो. घाई चालत नाही. भाच्यानं पहिल्या दिवशी मला विचारलंही, "मामा, हे फास्ट नाही होत?" तीन महिने गेले. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक फाईलला आतून स्वतःच्या मनानं नाव दिलं, 'ट्रॅक १', आणि गायक म्हणून 'अज्ञात कलाकार'. त्यामुळे डब्याच्या स्वतःच्या यादीत अज्ञात कलाकार नावाच्या एकाच गृहस्थानं 'ट्रॅक १' नावाची एकच चीज १४६ वेळा म्हटली आहे. काकांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "असा हिशेब कुठल्या संस्थेनं दिला असता, तर मी संचालक मंडळ बरखास्तीची शिफारस केली असती."

म्हणून बाहेरची नावं काकांनी स्वतः दिली. खोक्यांतल्या कार्डांवरून, आपल्या जुन्या संगणकावर, एकेक करून.

इथे मला काकांच्या नामकरणाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. ऑडिटरनं दिलेलं नाव म्हणजे नाव नसतं, शेरा असतो. कऱ्हाडच्या फाईलचं नाव त्यांनी असं ठेवलं होतं: 'कऱ्हाड - प्रीतिसंगमावरील देवळातील कीर्तन - पूर्वरंग - कॅसेट १ बाजू अ - मधे दहा मिनिटे वीज नाही - शेवटी कुत्रे'. डब्यानं ते घ्यायला नकार दिला. डिस्कवरच्या फाईलचं नाव २५५ बाइटपर्यंतच असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन लागतात. आणि अक्षर म्हणजे नुसता 'क' नव्हे, त्याचा काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर मोडलेल्या पायाचे तीन आणखी. म्हणजे साहेबाला २५५ अक्षरं आणि आपल्याला हिशेबानं ८५, तीही काना-मात्रा धरून. मी आणि भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एमपीथ्रीचं शेपूट धरून काकांचं नाव भरलं २८१ बाइट. 'शेवटी कुत्रे' गाळलं तेव्हा २४४ वर आलं आणि बसलं.

"कुत्रे महत्त्वाचे आहेत," काका म्हणाले होते.

"आजोबा, जागा नाहीये."

"ठीक आहे. पण मी हरकत नोंदवून ठेवतो."

आणि खरोखरच त्यांनी ती नोंदवली. त्यांच्याकडे त्यासाठी वही आहे.

तर नावं अशी ठरली. गेल्या आठवड्यात काकांनी त्याच नावांची एक यादी नोटपॅडमध्ये केली, रजिस्टरातल्या क्रमानं, आणि ती मी डब्यावर चढवली, म्हणजे डब्यानं यादी वाचायची, त्या नावाची फाईल डिस्कवर शोधायची आणि वाजवायची. घाई एवढ्यासाठी की पंधरा दिवसांनी आत्या येणार होती. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, सासर कऱ्हाडचं, आणि १९८१ च्या त्या कीर्तनाला ती पहिल्या रांगेत होती. ते कीर्तन तिला टीव्हीवर ऐकवायचं, असा काकांचा बेत होता.

मी खाली गेलो. काका खुर्चीत, समोर टीव्ही, टीव्हीवर गोल फिरणारं चक्र. मग चक्र थांबलं आणि निरोप आला: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी.

"बघ," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. अफरातफर सापडल्यावर ऑडिटरला जो उत्साह येतो तो होता.

मी भाच्याला फोन लावला. रविवारी सकाळी आठला आयटीतल्या मुलाला फोन करणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी सांगायला नको. तो झोपेतच म्हणाला, "मामा, रिस्टार्ट कर." ही मुलं झोपेत दुसरं काही बोलत नाहीत. मी रिस्टार्ट केला. डबा उठला आणि तेच बोलला. मग मी माझ्या बुद्धीनं एक उपाय केला: हार्ड डिस्क काढली, तिच्या पिना कापडानं पुसल्या, परत लावली. पूर्वी एक कीर्तन वाजत नव्हतं. आता १४६ च्या १४६ बंद.

नवा निरोप: परमिशन डिनाईड.

युनिक्सच्या घराण्यात चुकांनाही क्रमांक असतात हे मला त्या दिवशी कळलं. 'असं काही नाही' ही २ क्रमांकाची चूक, आणि 'आहे, पण तुम्हाला मिळणार नाही' ही १३ क्रमांकाची. भाच्यानं फोनवरून परवानग्यांचं गणित समजावलं. प्रत्येक फाईलला तीन प्रकारची माणसं: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन हक्क: वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. फोल्डरच्या बाबतीत चालवणे म्हणजे आत शिरणे. बेरीज करायची. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांनी यावं, बघावं, हात लावू नये.

हे मला लगेच समजलं, कारण आमच्या सोसायटीच्या गच्चीचा नियम हाच आहे. मालक, म्हणजे गच्चीच्या किल्लीचे मालक, ते सेक्रेटरी. गट म्हणजे सभासद. त्यांना वाळवण घालता येतं. इतर म्हणजे भाडेकरू. त्यांना दार दिसतं. भाच्यानं आधी सांगितलं, "तात्पुरतं ७७७ करून टाक," म्हणजे सगळ्यांना सगळं, गणपतीच्या मांडवासारखं. मी तसं टाईप करेपर्यंत त्याचा पुन्हा फोन: "७७७ कधीच करायचं नसतं मामा, सगळे ओरडतात." कोण सगळे, ते त्यानं सांगितलं नाही. शेवटी डिस्कचा मालक बदलला, ७५५ केलं, आणि फायली पुन्हा वाजायला लागल्या. १३ नंबर गेला. २ नंबर जिथे होता तिथेच.

एवढ्यात बरेच लोक जमले. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक येऊन वायफायला दोष देऊन गेले. माझी बायको चहा ठेवून म्हणाली, "तुम्ही लोक ती कॅसेटच का नाही लावत?" या प्रश्नाला उत्तर होतं, टेपरेकॉर्डरचा पट्टा तीन महिन्यांच्या कामात तुटला होता, पण ज्या सुरात तो विचारला होता त्याला उत्तर नव्हतं.

काका मात्र शांत होते. "आमच्या वेळी ही भानगड नव्हती," ते म्हणाले. "आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, १ एप्रिल १९५५, रामनवमी. मी अकरा वर्षांचा. सर्व्हर एक, पुणे केंद्र. डबा एक, आपल्या वाड्यात. ऐकणारी माणसं चाळीस. माडगूळकर लिहून देतायत, फडके चाल लावतायत, आठवड्याला एक गाणं. आणि ते वर्षभर पुरवायचं! त्या साली अधिक महिना निघाला, म्हणून बावन्नची छप्पन गाणी केली. कुणी म्हणालं नाही, नो सच गाणं."

"काका, पण तेव्हा गाणं चुकलं तर परत ऐकता येत नव्हतं."

"चुकलंच नाही ना कुणी. चाळीस माणसं वेळेवर बसायची."

यावर काय बोलणार? मी लॅपटॉपवर ती फाईल व्हीएलसीमध्ये उघडून पाहिली. पॅरिसमधल्या एका कॉलेजच्या पोरांनी १९९६ मध्ये हा प्लेअर करायला घेतला; त्यांच्या खोल्यांत रस्त्यावरून आणलेले शंकू जमले होते म्हणून त्याचं चिन्ह केशरी शंकू. पुण्याच्या रस्त्यांवर शंकूंचं पीक काही कमी नाही, पण आमच्याकडे ते उचलून नेण्यापुरती जागा कुठल्या मुलाच्या खोलीत आहे? असो. शंकूनं फाईल पटकन वाजवली. झांजा, मृदंग, खाकरणं. म्हणजे फाईल होती. डिस्क होती. परवानगी होती. यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव मी शेजारी शेजारी ठेवून चष्मा काढून, चष्मा लावून वाचलं. काना-मात्रेचा फरक नाही.

"याची रोजकीर्द असेल ना?" काकांनी विचारलं.

"कशाची?"

"डब्याची. कधी कुणी काय मागितलं, काय दिलं, काय नाकारलं. एवढं मोठं यंत्र नोंद ठेवत नाही?"

ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. मी तो उघडून दाखवला आणि काकांच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्यांच्या नातीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सेकंदापर्यंत वेळ टाकून, एकाखाली एक, खाडाखोड न करता हजारो नोंदी! त्यांनी तो छापून मागितला. पडद्यावर वाचतो म्हणायला तयार नाहीत, कारण पडद्यावर लाल पेनानं खूण करता येत नाही. टिळक रोडवरच्या झेरॉक्सवाल्यानं एकेचाळीस पानं छापली आणि 'हे काय, कोर्टाचं का?' असं विचारलं. काका स्वतः अप्पा बळवंत चौकात जाऊन फुलस्केप वही आणि लाल पेन घेऊन आले. घरात तीन लाल पेनं होती. पण प्रकरण नवं, पेन नवं.

पुढचे चार दिवस काका खाली येणाऱ्या-जाणाऱ्याला भेटले नाहीत. गुरुवारी पाणी नव्हतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी यादीतल्या १४६ च्या १४६ फायली एकेक करून मागितल्या, डब्याचं उत्तर पाहिलं, लॉगशी ताडलं आणि वहीत मांडलं. गुरुवारी रात्री मला बोलावलं.

"एक नाही. नऊ आहेत."

वहीत नऊ नावं होती. कऱ्हाडचं कीर्तन. वऱ्हाडातलं भारूड. बऱ्हाणपूरचा बँड. नऱ्ह्याच्या जत्रेतलं भजन. गुऱ्हाळावरची लावणी (या नोंदीवर काकू हयात असताना काय बोलणं झालं होतं ते काकांनी सांगितलं नाही). नवऱ्या मुलाची वरात. दुसऱ्या दिवशीचं काल्याचं कीर्तन. म्हाताऱ्या बुवांचे अभंग. आणि नववी फाईल, कोऱ्या कॅसेटची तपासणी, ज्यात साठ मिनिटं नुसती खरखर आहे पण जी ट्रंकेत होती म्हणून यादीत आहे.

"यांच्यात सारखं काय?" काकांनी विचारलं. चौतीस वर्षं हाच प्रश्न त्यांनी चेअरमन लोकांना विचारला असणार. मला घाम फुटला.

"कीर्तन... म्हणजे... बँड नाही..."

त्यांनी लाल पेनानं नऊ ठिकाणी गोल केले. ऱ. ऱ. ऱ. प्रत्येक नावात तोच, 'र' चा पाय मोडून पुढे आडवी पापणी काढतो तो. ज्या नावात तो नाही ती १३७ नावं बिनतक्रार. ज्या नावात तो आहे ते एकही नाही. "कॉम्प्युटर मराठी नाही वाचत असं नाही," काका म्हणाले, "एवढंच एक अक्षर वाचत नाही. मुलगा कुठल्या माध्यमातला आहे म्हणालास?"

शनिवारी भाचा आला. वही पाहून तो खाली बसला. "आजोबा, आमच्याकडे हे करायला पगार देतात," तो म्हणाला आणि मग लॅपटॉपवर त्या दोन सारख्या नावांच्या पोटातले बाइट काढून दाखवले. यादीतल्या नावात ऱ च्या जागी तीन: ई०, ए४, बी१. डिस्कवरच्या नावात त्याच जागी सहा.

आता हे जरा नीट सांगतो, कारण मला स्वतःला समजायला दोन चहा लागले. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिच्यात देवनागरीला ०९०० पासून १२८ घरं दिलेली आहेत. घरांची मांडणी आपल्याच इस्की नावाच्या भारतीय प्रमाणावरून घेतली, १९८८ च्या. (त्याच साली पुण्यात सी-डॅक निघालं. पुढे त्यांच्या जिस्ट कार्डाचं एक मशीन काकांच्या ऑफिसात आलं होतं. साहेबांनी त्याला कुलूप लावून ठेवलं, खराब होईल म्हणून.) र चं घर ०९३०. त्याच्या शेजारी ०९३१ ला राहतो ऱ, खाली टिंब असलेला. हा आख्खा ऱ खरं तर दक्षिणेकडच्या भाषांतला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून आहे, पण त्याचा पाय मोडला की त्याची पापणी होते, आणि ती पापणी मराठीची. युनिकोडच्या ग्रंथात मराठीचं नाव घेऊन हे लिहिलेलं आहे. पण त्याच ग्रंथात असंही आहे की ०९३१ म्हणजे साधा र अधिक खालचं टिंब, ०९३० आणि ०९३सी. दोन्ही एकच समजावेत.

समजावेत म्हटलं की घोटाळा आला. भाच्याच्या लॅपटॉपची रीत अशी की तो अक्षरं सुटी करून ठेवतो: र वेगळा, टिंब वेगळं. डब्याची रीत अशी की तो काही समजतच नाही, बाइट जसे दिले तसे ठेवतो आणि बाइटला बाइट जुळला तरच ओळख देतो. काकांची यादी पेनड्राइव्हवरून सरळ डब्यावर आली. फायली भाच्याच्या लॅपटॉपमार्गे आल्या आणि वाटेत त्यांचा ऱ फुटला. मराठीत रोज लागणाऱ्या अक्षरांत असा फुटणारा हा एकच.

"म्हणजे दोन ऱ आहेत," काका म्हणाले.

भाचा जरा घुटमळला. "तीन आहेत, आजोबा."

कारण रविवारी झोपमोड झाल्यावर त्यानं घरबसल्या, आमच्या नकळत, कऱ्हाडच्या फाईलचं नाव आपल्या फोनवरून नव्यानं टाईप करून पाहिलं होतं. फोनच्या कीबोर्डची तिसरीच तऱ्हा: साधा र, मोडका पाय, आणि मग शून्य रुंदीचा एक जोडक. हे अक्षर दिसत नाही, छापलं जात नाही, जागा घेत नाही, फक्त असतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असे दोघे आहेत. जुन्या आवृत्तीशी जमवून घ्यायचं म्हणून युनिकोडनं ही पद्धतही चालू ठेवली आहे. म्हणजे कऱ्हाड तीन प्रकारे लिहिता येतं, तिन्ही डोळ्यांना एकच, आणि डब्याला तीन वेगळी गावं.

"मग सोपं आहे," भाचा म्हणाला. "कराड लिहू या. तसंही सरकारी नाव कराडच आहे."

खोलीत शांतता झाली. मी भाच्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण ही मुलं डोळ्यांकडे बघत नाहीत.

"शासनाच्या कागदावर कराड आहे हे मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "चौतीस वर्षं मी शासनाचेच कागद तपासले. म्हणून तर सांगतो. आज यंत्राला जमत नाही म्हणून कऱ्हाडचं कराड केलंस, उद्या वऱ्हाडाचं वराड करशील?"

"मग रफार देऊन..."

"रफार? तुला दर्या आणि दऱ्या यातला फरक ठाऊक आहे? एकीकडे समुद्र आहे, दुसरीकडे डोंगरांमधली दरी. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्याला मजुरी. रफार देऊन बघ एकदा लग्नघरात."

भाचा गप्प झाला आणि कामाला लागला. प्रश्न होता बदलायचं काय, यादी की डिस्क. काकांच्या मते यादी बरोबर, ती मूळ कागद. चूक डिस्कची, तिथे दुरुस्ती व्हावी. यासाठी कन्व्हएमव्ही नावाचं एक छोटं अवजार आहे. त्याला सांगायचं, फुटलेली अक्षरं सांधून दे. त्याची गंमत अशी की ते काही करत नाही. आधी नुसतं दाखवतं, हे नाव असं करीन, ते तसं करीन, आणि 'आता चाचणी नको' असं वेगळं लिहून दिल्याशिवाय एका अक्षराला हात लावत नाही. काकांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्यानं केलं तो ऑडिटमधला असणार." दाखवलेली यादी त्यांनी वहीशी ताडली, सही केली, मग भाच्यानं एंटर दाबलं. सेकंदही लागला नाही. आठ फायली वाजल्या. गुऱ्हाळावरची लावणी काकांनी तपासणीपुरती चार मिनिटं ऐकली.

नववी, अर्थातच, कऱ्हाडची. त्या अदृश्य जोडकाला हे अवजार ओळखत नाही. टिंबाचा ऱ आणि जोडकाचा ऱ एक आहेत असं युनिकोड म्हणतच नाही. ते नाव यादीतून उचलून हातानं चिकटवावं लागलं. चिकटवल्यावर पडद्यावर काय बदललं? काहीच नाही. सात दिवस, एकेचाळीस पानं, एक नवीन पेन, आणि आधीचं नाव व नंतरचं नाव हुबेहूब एक. माझी बायको डोकावून म्हणाली, "झाली का सुरुवात?" आणि तिला दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

पण वाजलं. झांजा, मृदंग, खाकरणं, टीव्हीवर.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिला खुर्चीत बसवलं, शाल दिली, आवाज मोठा केला. काका तिच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. बुवांनी नमन केलं, निरूपणाला लागले. पंचवीस मिनिटं झाली. आत्यानं एकदा शाल सारखी केली.

"वीज कधी जाते?" तिनं विचारलं.

"कसली वीज?"

"आमच्या कीर्तनात वीज गेली होती ना मधेच. बुवा दहा मिनिटं अंधारात ओरडून बोलत होते. हे काही आमच्याकडचं नव्हे."

काकांनी वही उघडली. तेवढ्यात बुवा थांबले आणि कुणीतरी माईक हातात घेऊन समस्त माहुलीकर मंडळींच्या वतीनं बुवांचा सत्कार करत असल्याचं जाहीर केलं. संगम माहुली. साताऱ्याशेजारी, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना. नदी तीच, घाट तसाच, बुवा तेच, आणि कधीतरी खोक्यातून काढताना कॅसेटींची अदलाबदल झालेली.

आत्या पडद्याकडे पाहत होती. "आणि हे काय लिहिलंयस? कऱ्हाड? आम्ही कराडच लिहितो."

काकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा निरुत्तर पाहिलं. ते फार टिकलं नाही. "माहुलीची फाईल लाव," ते मला म्हणाले. ती तर पहिल्या दिवसापासून वाजत होती, तिच्या नावात तसलं काही नव्हतंच. लावली. बारा मिनिटांनी कर्ण्याचा आवाज खट्कन गेला आणि काळोखातून बुवांचा मोकळा आवाज लांबून यायला लागला. आत्या हसली. आम्ही सगळे शेवटपर्यंत बसलो. शेवटी, आरतीच्या आधी, कुत्री भुंकली. चार तरी असावीत.

"दोन्हीची नावं बदल," काका म्हणाले. "याला कऱ्हाड, त्याला माहुली."

"कराड," आत्या म्हणाली.

"कऱ्हाड. आणि या वेळी कुत्री गाळायची नाहीत."

लॅपटॉप वर तिसऱ्या मजल्यावर राहिला होता. मी खिशातून फोन काढला आणि टाईप करायला लागलो.